तिठ्यावरचा उत्तमभाऊ

तिठ्यावर पुतळा उभा राहिला त्याआधी तिथं एक मोठी बाभळ होती. तिच्या सावलीत एक न्हावी पेटी मांडून बसायचा, शेजारी सायकलचं पंक्चर काढणारा, आणि शहरात जाणारी बस तिथंच वळून थांबायची. गारखेडा तेव्हा शहरात धरलं जात नव्हतं. औरंगाबादला जायला निघालो की आम्ही ‘शहरात चाललो’ म्हणायचो, आणि शहरातली मंडळी हिवाळ्यात आमच्याकडं हुरडा खायला यायची. आता त्या शहराचं नाव बदललं, गारखेडा केव्हाच त्याच्या पोटात गेलं, आणि ज्या वावरात माय तूर सोंगायची तिथं उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मी राहते. गॅलरीतून डावीकडं वाकून बघितलं की पुतळ्याची टोपी दिसते. सकाळी वाळूजच्या कंपन्यांच्या शिफ्टच्या गाड्या तिथं थांबतात. गाडी येईपर्यंत पोरं डब्याच्या पिशव्या पुतळ्याच्या कठड्याला अडकवून मोबाइल बघत उभी असतात. रिक्षावाले त्या जागेला ‘जवान’ म्हणतात. ‘जवानला सोडा’ एवढं सांगितलं की पुरतं. हा जवान कोण होता हे कुणी विचारत नाही, आणि तो माझा भाऊ होता हे मीही आपण होऊन सांगत नाही.

आमचं घर माळवदाचं, तीन खणांचं. पुढं गोठा. आबा पहाटे म्हशींच्या धारा काढून दुधाचे कॅन सायकलला लावायचे आणि शहरात रतीब घालायला जायचे. परत येताना रिकाम्या कॅनच्या झाकणांचा खडखडाट तिठ्यापासून ऐकू यायचा, आणि तो ऐकला की माय चुलीवर तवा ठेवायची. भाकरी थापता थापता ती गुणगुणायची, पण काय गुणगुणते ते कधी कळलं नाही. विचारलं की गप्प व्हायची. वर्षाचं येसर भाजायला बसली की धणे, मिरच्या आणि खोबऱ्याच्या खमंग ठसक्यानं आख्खं घर शिंकायचं, म्हशीसुद्धा दाव्याला हिसके द्यायच्या. आजही कुणाच्या घरातून तसा वास आला तर मी जिन्यात थबकते. पण येसर आता पाकिटातून येतं, आणि त्या वासाला शिंका येत नाहीत.

उत्तमभाऊ माझ्याहून बराच मोठा. मधली भावंडं जगली नाहीत, म्हणून आमच्या दोघांच्या वयात एवढं अंतर. तो फौजेत गेला तेव्हा मी नुकतीच पाटी घेऊन शाळेत जायला लागले होते. त्यामुळं माझ्या आठवणीतला भाऊ म्हणजे सुट्टीवर आलेला भाऊ. काळी ट्रंक खांद्यावर घेऊन तिठ्यावर उतरलेला, दोन दिवस सगळ्यांचा पाहुणा असलेला आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण भरणारा. एकदा त्यानं सरहद्दीकडून जर्दाळू आणले. मायनं कधी बघितले नव्हते. तिनं ते शिजवून त्यांना येसराचं वाटण लावलं आणि भाकरीबरोबर वाढले. भाऊनं दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाला, “असं मिलिटरीत मिळत नाय बघ.” मायला ती थट्टा शेवटपर्यंत कळली नाही. पुढं ती कौतुकानं सांगायची, मह्या उत्तमला जर्दाळूची आमटी लई आवडायची.

त्याचं लग्न ठरलं ते अशाच एका सुट्टीत. मुलगी पिशोरची, कमल. कन्नड तालुक्यातलं ते बाजाराचं गाव, आणि तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, बाजाराच्या दिवशी आबांना भेटले होते. बैठक झाली, साखरपुडा झाला, लग्न लागलं, आणि सुट्टीचे उरलेले दिवस संपले तसा भाऊ परत गेला. वहिनी आमच्या घरात राहिली. ती माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला वहिनी म्हणायचे. ती मला नुसतं मंदा. तिला हसू आवरायचं नाही. म्हैस शिंकली तरी हसायची. पदर तोंडावर धरायची, आवाज येऊ द्यायची नाही, पण खांदे गदगदा हलायचे. माय रागावल्यासारखं करायची आणि स्वतःच तोंड फिरवून हसायची. त्या घरात तितकं हसू पुन्हा कधी आलं नाही.

भाऊची पुढची सुट्टी यायच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती. माय धपाटे लावत होती, वहिनी दही घुसळत होती. तिठ्यावर एक जीप थांबली आणि दोन फौजी आमच्या घराकडं चालत आले. मायला वाटलं, उत्तमचे मित्र. सुट्टीवर जाता जाता कुणी ना कुणी निरोप घेऊन यायचंच. तिनं ओसरीवर घोंगडी अंथरली, त्यांना बोलूच दिलं नाही. “आधी खाऊन घ्या बाबांनो, कुठून आलाव, उन्हाचं,” म्हणत दोघांपुढं धपाटे आणि दही ठेवलं. त्यातल्या वयानं मोठ्या माणसानं एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तो तुकडा गालात धरूनच त्यानं आबांना विचारलं, “घरात अजून पुरुष माणूस कुणी हाय का?” आबा कॅन धूत होते. ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, “मीच हाय. बोला.”

गोळी लागली नव्हती. चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता. एवढ्या उंचावरून आणणं शक्य नव्हतं म्हणून अंत्यसंस्कार तिकडंच झाले होते. पुढं आमच्याकडं एक कलश आला आणि ती काळी ट्रंक. तोंड कुणी बघितलं नाही. आता मला वाटतं, पुढं जे जे झालं ते सगळं त्या न बघितलेल्या तोंडापासून सुरू झालं. बघायला मिळालं असतं तर माय रडून मोकळी झाली असती. ती रडलीच नाही. “चुकलं असंल. उत्तम नावाचे काय कमी हायत व्हय फौजंत?” असं ती कितीतरी दिवस म्हणत राहिली.

पुतळ्याची कल्पना रंगनाथकाकांची. ते आबांचे चुलतभाऊ, गावच्या राजकारणातले, पांढऱ्या कपड्यांतले. वाईट माणूस नव्हते. गारखेड्याला शहरानं नुसतं दूधवाल्यांचं गाव समजू नये, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनी समिती केली, शहरातल्या लोकांकडून वर्गणी आणली, तिठ्यावरची बाभळ तोडून घेतली आणि एके दिवशी गायकवाड पेंटरना घेऊन आमच्या घरी आले. गायकवाड पेंटर शहागंजच्या मागं राहायचे. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, पण नाव होतं ते मूर्तींमुळं. आसपासच्या कितीतरी गावांतल्या विहारांमधल्या बुद्धमूर्ती त्यांच्या हातच्या होत्या. बारीक आवाजात बोलणारे, बोटांच्या पेरांत कायम माती.

त्यांनी भाऊचा फोटो मागितला. तोंड दिसेल असा घरात एकच फोटो होता, भरतीच्या वेळचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, समोरून काढलेला. लग्नातल्या फोटोंत भाऊच्या तोंडावर मुंडावळ्या. पेंटरनी तो छोटा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, “समोरून जमंल. पण पुतळ्याला चारी बाजू असतात. नाक बाजूनं कसं होतं? कान चिकटलेले की सुटे? हनुवटी?”

आबा म्हणाले, “चांगलं व्हतं नाक.” माय म्हणाली, “मह्या लेकासारखं नाक पंचक्रोशीत नव्हतं.” मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा दाराआड उभ्या असलेल्या वहिनीकडं वळल्या. रंगनाथकाका म्हणाले, “सूनबाई, लाजू नको. तू सांग.” वहिनीनं पदर पुढं ओढला. तिच्या पायाचा अंगठा उंबऱ्याला घासत होता, तेवढंच मला दिसत होतं. माय म्हणाली, “अगं, नवऱ्याचं नाक सांगता येईना व्हय तुला?” आणि वहिनी आत निघून गेली.

मी चहा घेऊन आले तेव्हा पेंटर माझ्याकडं बघतच राहिले. “ही कोण?” त्यांनी विचारलं. “धाकटी,” आबा म्हणाले. पेंटरनी फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला, मला डावीकडं वळायला सांगितलं, उजवीकडं वळायला सांगितलं. मग आबांना म्हणाले, “हिला पाठवाल का माझ्याकडं थोडे दिवस? बाकीचं हिच्यावरून करतो.”

अशी मी, पंधरा वर्षांची पोरगी, माझ्या मेलेल्या भावाच्या जागी बसायला जाऊ लागले. एकटीला पाठवायचं नाही म्हणून वहिनी सोबत. बसनं शहरात जायचं आणि पुढं गल्ल्यांतून चालत पेंटरांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत. तिथं ओल्या मातीचा आणि टर्पेंटाइनचा वास असायचा. बाहेर एक तांबटाचं दुकान होतं, त्याची ठोकाठोक दिवसभर चालायची. मी स्टुलावर बसायचे, डोक्यावर भाऊची टोपी. ती मला मोठी व्हायची म्हणून पेंटरनी आत कागदाची घडी घातली होती. हलायचं नाही, हसायचं नाही. वहिनी समोर पोत्यावर बसून मातीच्या गोळ्याकडं बघत राहायची. आधी नुसता गोळा, मग मान, मग कपाळ. पेंटरांची बायको मधेच चहा आणून द्यायची आणि वहिनीच्या पाठीवरून हात फिरवून परत जायची.

एकदा परत येताना आम्ही तिठ्याच्या अलीकडंच उतरलो. ज्वारी कमरेएवढी झाली होती, तिच्या कडेनं आम्ही चालत होतो. वहिनी म्हणाली, “मंदा, एक सांगू? कुणाला बोलू नको.”

“नाय बोलणार.”

“मला त्यांचं तोंड आठवत नाय गं.”

मी थांबले. ती थांबली नाही. बोलत बोलत पुढं गेली आणि मी मागं मागं. “दिवसा घरात समद्यांपुढं मान वर कराया यायची नाय. रात्री दिवा मालवलेला. मला त्यांची पाठ आठवती. पिशोरला गेलो व्हतो तवा ते पुढं चालायचे, मी मागं. शर्टाला इथं शिवण उसवली व्हती. आवाज आठवतो, पाणी दे म्हणायचे तो. पण तोंड आणाया गेलं की फोटोतलं तोंड येतं, बोटाएवढं. अन् आता तू त्या टोपीत बसती, तर तुझंच तोंड येतं. पुढं मला तेच त्यांचं म्हणून आठवंल.” मग ती एकदम वळली आणि म्हणाली, “आत्याबाईंना वाटतं मला माया नव्हती. माया कराया दिवस तरी पायजे व्हते ना?”

ज्यांच्यापासून ही गोष्ट लपवायची होती त्यांतलं आता कुणी नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मातीचं काम पूर्ण झालं तेव्हा पेंटरनी मायला बोलावलं. साचा काढायच्या आधी आईनं एकदा बघावं, अशी त्यांची पद्धत होती. माय नवं लुगडं नेसून आली. शेडमध्ये शिरली आणि चार पावलांवर थांबली. मला वाटलं ती म्हणणार, हा माझा उत्तम नाही. खरंच नव्हता. कपाळ आणि डोळे फोटोतले होते, पण नाक, कान, हनुवटी सगळी माझी. माय पुढं गेली. पदराचं टोक हातात घेऊन तिनं त्या मातीच्या गालावरून फिरवलं, उन्हातून आलेल्या पोराचा घाम पुसावा तसं. ओली माती गालावरून निघाली आणि पदराला लागली. मायनं विचारलं, “खराब झालं का ओ?” पेंटर म्हणाले, “नाही माय. मी करतो नीट.” बसमध्ये ती तो पदर मुठीत धरून बसली होती, आणि मला म्हणाली, “थोडा वाळला हाय, नाय का? तिकडं खायाचे हाल असतील.”

पुतळा सिमेंटमध्ये ओतला गेला, त्याला ब्राँझचा रंग लागला आणि बाभळीच्या जागी चौथऱ्यावर तो उभा राहिला. अनावरणाला मोठा पाहुणा आला, उशिरा आला. शाळेची पोरं उन्हात बसून कंटाळली होती. मंचावर आबा, माय आणि पांढऱ्या पातळातली वहिनी. पाहुण्यानं भाषणात शत्रूच्या गोळ्या, छातीवरचे घाव असं बरंच सांगितलं. आबा खाली मान घालून पुटपुटले, “बर्फ व्हता, साहेब.” माइकपर्यंत ते गेलं नाही. मग वहिनीचं नाव पुकारलं, नावाच्या आधी ‘वीरपत्नी’. तिनं चौथऱ्याला लावलेल्या शिडीवर चढून हार घातला. हार घालताना तिनं वर बघितलं, आणि मग गर्दीत शोधून माझ्याकडं. मी तोंड पदराआड लपवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तेव्हापासून ती कमल राहिली नाही. प्रत्येक झेंडावंदनाला तिला खुर्ची. शाळेतल्या मास्तरीणबाई पोरींना सांगायच्या, त्यांच्या पाया पडा. वहिनी विशीतली, पाया पडणाऱ्या पोरी चौदा-पंधराच्या. माय रोज सकाळी तिला तांब्या घेऊन तिठ्यावर पाठवायची. पाखरं टोपीवर बसून घाण करायची, ती धुवायची. बसची वाट बघणारी, पानपट्टीवर उभी असलेली माणसं गप्प व्हायची आणि ती धुऊन जाईपर्यंत बघत राहायची. वाईट नजरेनं नाही. देवळात बघतात तशी. पण त्या नजरेखाली माणसाला खोकताही येत नाही, हे मला तिच्या चालण्यावरून कळायचं.

एका झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मला शाळेची पुस्तकं घ्यायची होती म्हणून मी आणि वहिनी तिठ्यावर बसची वाट बघत उभ्या होतो. पुतळ्याच्या गळ्यात आदल्या दिवशीचा झेंडूचा जाडजूड हार, पार चौथऱ्यापर्यंत लोंबणारा. कुणाची तरी शेळी आली, पुढचे पाय चौथऱ्यावर टेकून तिनं हाराचं टोक चघळायला घेतलं. पानपट्टीवाला ‘हाड हाड’ करत धावला. शेळीनं हिसका दिला, मागची गाठ सुटून हार सटकन निघाला आणि तिच्याच शिंगांत अडकून गळ्यात पडला. मग हार घातलेली शेळी पुढं, पानपट्टीवाला मागं, त्याच्या मागं अर्ध्या दाढीला साबण लावलेलं न्हाव्याचं गिऱ्हाईक, अशी वरात बसच्या भोवती फिरायला लागली. वहिनीनं तोंडावर पदर घेतला. खांदे हलले. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिला आवाज आवरला नाही. ती खळखळून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसत होते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी रंगनाथकाका घरी आले. ओसरीवर बसले, चहा नको म्हणाले. “आबा, बोलू नये पण बोलतो. लोक काय म्हणतात माहीत हाय का? शहिदाची बायको पुतळ्याम्होरं उभी राहून खिदळती.” काका गेल्यावर माय चुलीपासून उठली. “तुला हसू येतं?” ती वहिनीला म्हणाली. “मह्या लेकाच्या गळ्यातला हार शेळीनं वढला अन् तू दात काढती?”

वहिनी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. “आत्याबाई,” ती म्हणाली, “ते असते तर ते नसते का हसले?”

मला वाटतं मायला उत्तर माहीत होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. त्या दिवसापासून ती वहिनीशी बोलायची बंद झाली. काम सांगायचं असलं तर मला सांगायची: “मंदे, तिला म्हण, पाणी भर.” वहिनी तिथंच उभी असायची.

हे तात्यांच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. ते पिशोरहून आले. दोन दिवस आमच्याकडं राहिले, तंबाखू मळत गोठ्यात बसले, आणि निघायच्या आधी आबांना म्हणाले, “पावणं, रागावू नका. आमच्याकडल्या एका गावात मास्तर हाय. बायको वारली, मूलबाळ नाय. त्याची माय तयार हाय. पोरीचा पाट लावावा म्हणतो. पर तुमच्या हुकमाबिगर नाय.”

बातमी फुटायला वेळ लागला नाही. रंगनाथकाका समितीची माणसं घेऊन आले, ओसरी भरली. शहिदाच्या बायकोचा पाट लावला तर गारखेड्याचं नाव जिल्ह्यात काय राहील, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, आपल्यात पाट लावत नाहीत. रंगनाथकाका म्हणाले, “आबा, जरा इचार करा. पुढल्या झेंडावंदनाला हार कोण घालणार?”

“तू घाल,” आबा म्हणाले.

मी आबांना एवढ्या माणसांपुढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते उभे राहिले. “रंगनाथ, पुतळा गावाचा हाय. गावानं मागितला, गावानं उभा केला, तुमी त्याला ऊन लागू द्या नाय तर छत्री धरा. पोरगी मह्या घरची हाय. लेक गेला, त्याला मी अडवू शकलो नाय. हिला कशापायी डांबून ठेवू?” मग त्यांनी आत हाक मारली, “कमल, भाईर ये.” ती उंबऱ्यापर्यंत आली. “तुला जायचंय का? कुणाला भ्यायचं नाय. सांग.”

आत माय भांडी घासत होती. तो आवाज थांबला. वहिनीनं आतल्या बाजूला बघितलं, मग आबांकडं. “जायचंय,” ती म्हणाली. आत भांडी पुन्हा वाजायला लागली, मघापेक्षा जोरात.

ती गेली त्या सकाळी माय गोठ्यातून बाहेर आलीच नाही. वहिनी दारात गेली, वाकून नमस्कार केला. माय म्हशीच्या पलीकडं पाठ करून उभी. आबांनी तिची ट्रंक सायकलला बांधली आणि आम्ही तिठ्यावर गेलो. बस उशिरा आली. वहिनीनं पुतळ्याकडं बघितलं नाही. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिली, इतका वेळ की कंडक्टर ओरडला. मग म्हणाली, “नीट शीक,” आणि चढली. माणसं पानपट्टीवर उभी होती. या वेळी कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

नंतरच्या वर्षांत तिचं नाव घरात निघालं नाही. पुतळा धुवायला माय स्वतः जायला लागली. तात्या कधी बाजाराच्या दिवशी भेटले तर आबांना सांगायचे: बरी हाय, मुलगी झाली, मास्तर चांगला माणूस हाय. आबा घरी येऊन ते मला सांगायचे, मायला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माय पीठ मळत राहायची.

मग एकदा तात्यांचा निरोप आला. वहिनीला कावीळ झाली होती. आधी झाडपाल्याचं औषध, मग कन्नडचा दवाखाना, मग इथल्या घाटीच्या मोठ्या दवाखान्यात आणायचं ठरेपर्यंत उशीर झाला. वहिनी गेली.

मायनं ऐकलं. हातातलं सूप खाली ठेवलं. उठून चुलीत पाणी ओतलं, मोरीत गेली आणि डोक्यावरून अंघोळ केली. शेजारच्या बायका म्हणाल्या, अहो, तुम्हाला कशाचं सुतक? तिचा पाट लागला, ती आता तुमची कोण? माय म्हणाली, “मह्या उत्तमची बायको व्हती.” एकजण दबक्या आवाजात म्हणाली, पुतळ्याचा शाप लागला असंल. तेव्हा माय अशी वळली की ती बाई उंबऱ्याबाहेर गेली. “मह्या लेकानं जित्याजी कुणाला अरे म्हटलं नाय. मेल्यावर शाप दील व्हय गं?” आमच्या घरात दिवसभर चूल पेटली नाही.

तेराव्याला आम्ही तिघं गेलो. पिशोरच्या पुढं कच्च्या रस्त्यावरचं लहान गाव, मास्तरांचं घर पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण. मास्तर आम्हाला बघून उभे राहिले आणि काय बोलावं ते न सुचून नुसते हात जोडून राहिले. आबा त्यांच्याजवळ जाऊन बसले. माय अंगणातच उभी होती. कुणाच्या घरी आलो आणि कोण म्हणून आलो, हे तिला ठरवता येत नव्हतं. तेवढ्यात परकर घातलेली एक चार-पाच वर्षांची पोरगी आली आणि मायपुढं उभी राहिली.

“तुमी कोण?” तिनं विचारलं.

मायनं माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. मग ती खाली बसली, पोरीच्या उंचीला, आणि म्हणाली, “मी तुह्या आईची सासू.”

पोरीला ते पटलं नाही. “आईची सासू तर घरात हाय,” ती म्हणाली. “माझी आजी.”

“व्हय. ती बी हाय.”

“दोन व्हत्या?”

“दोन व्हत्या,” माय म्हणाली, आणि तिचा आवाज तिथं फुटला. भाऊ गेला तेव्हा, पुतळा उभा राहिला तेव्हा, वहिनी बसमध्ये चढली तेव्हा जे आलं नव्हतं ते सगळं त्या परक्या अंगणात आलं. ती जमिनीवर बसून तोंड उघडून रडायला लागली. बायका दारात जमल्या. पोरगी घाबरली नाही. तिनं मायकडं जरा वेळ बघितलं आणि मग घराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली:

“आजी, आईची दुसरी सासू आलीय. पाणी आण.”